कुंडीतील जास्वंदीचे पोषण : अवस्थेनुसार मात्राविचार

चिकित्सालयाच्या वा औषधी दुकानाच्या दर्शनी भागात जास्वंदीच्या कुंड्या ठेवण्याची प्रथा आपल्या अनेक व्यवसायबंधूंकडे आहे. आत येणाऱ्या रुग्णाची पहिली दृष्टी त्यांवर पडते. वैद्याच्या दारातील रोपच रोडावलेले असणे शोभत नाही.

काही वर्षांपूर्वी फुले येईनात म्हणून आम्ही कुंडीच्या कोरड्या मातीत चमचाभर युरिया घातला. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पाचांपैकी दोन रोपे दगावली. उरलेल्यांना पाने उदंड आली, पण कळी धरली नाही. रुग्णास मात्रा, काल व बल सांगणारे आम्ही, झाडाबाबत मात्र हे तिन्ही विसरलो होतो. वास्तविक सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त वृक्षांच्या व्याधींचाही वात, पित्त, कफ या दोषांनुसार विचार केलेला आहे.

जमिनीतील झाडाची मुळे दूरवर जाऊन अन्न शोधतात. कुंडीत साठा मर्यादित असतो. पाण्याबरोबर अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून पुरवठा आवश्यक ठरतो. परंतु खत अधिक झाल्यास क्षार साचतात व ओल असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही. करपलेल्या कडा हे त्याचेच लक्षण होय.

बाल्यावस्था : छाटकलम रुजून नवी पालवी स्थिर होईपर्यंत खत देऊ नये. कुंडी बदलल्यावरही दोन-तीन आठवडे थांबावे.

वर्धनावस्था : फांद्या व पाने वाढताना नत्राची गरज अधिक असते. 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी द्यावे, किंवा महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरेसे होते.

पुष्पावस्था : नत्र कमी करून पालाश वाढवावे. 13:0:45 हे खत त्याच प्रमाणात उपयुक्त ठरते. जास्वंदीस अतिरिक्त स्फुरद मानवत नाही, त्यामुळे लोहाच्या ग्रहणात अडथळा येतो. म्हणून फुलांच्या आशेने हाडांच्या चुऱ्याचा मारा करू नये.

विश्रांत्यवस्था : थंडीत वाढ मंदावते. त्या काळी खत निम्मे करावे वा थांबवावे आणि छाटणीनंतर नवे धुमारे फुटल्यावर पुन्हा सुरू करावे.

निदानाशिवाय चिकित्सा नाही, हे सूत्र येथेही लागू पडते. जुनी पाने सर्वत्र पिवळी पडल्यास नत्राची, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाल्यास मॅग्नेशियमची, तर हेच लक्षण कोवळ्या पानांवर दिसल्यास लोहाची उणीव संभवते. कूपनलिकेचे जड पाणी हेही शेवटच्या प्रकाराचे एक कारण असते.

खत नेहमी ओल्या मातीतच द्यावे. मातीवर पांढरा थर दिसल्यास खत बंद करून, तळाच्या छिद्रातून पाणी मुबलक वाहील असे दोन-तीन वेळा धुवावे. आमची उरलेली तीन रोपे याच उपायाने सावरली.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. जपापुष्पे केशतैलासाठी वा अन्य कल्पांसाठी वापरावयाची असल्यास त्या कुंड्या शोभेच्या कुंड्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात व त्यांवर रासायनिक कीटकनाशक मुळीच फवारू नये. फुलातील दोष तेलात उतरला, तर त्याचे उत्तरदायित्व आपलेच राहते.