रस्त्याचं छप्पर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. काठी रोवून शून्य सावली बघायची ती याच दिवसांत. किनाऱ्यावरच्या गावाचा आराखडा करणाऱ्याने हा आठवडा आधी ध्यानात घ्यायला हवा. त्या वेळी रस्ता पूर्व-पश्चिम असो की दक्षिणोत्तर, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. दक्षिण युरोपातल्या जुन्या गावांना अरुंद गल्ली आणि उंच भिंत पुरते, कारण तिथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य थोडा दक्षिणेला कललेला राहतो. सतरा-अठरा अक्षांशावर हा हिशेब लागू पडत नाही. इथे चालणाऱ्याला सावली वरूनच मिळायला हवी.

कोकणातल्या जुन्या गावांनी ती माडा-पोफळीकडून घेतली. दापोली तालुक्यातलं मुरूड त्याचं चांगलं उदाहरण. महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक असतं. पण हे गाव ठरवून वसवलेलं आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. गाव कसं वसलं ते सांगणारा एक जुना कागद मुरूडचेच विश्वनाथ नारायण मंडलिक यांना मिळाला आणि १८६०च्या दशकात त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला.

मुरूड, केळशी, गुहागर या गावांची ठेवण थोड्याफार फरकाने सारखी. समुद्राला समांतर एक लांब रस्ता, त्याला तोंड करून घरं, समुद्राच्या बाजूच्या घरांमागे माडा-पोफळीचं आगर, आगर संपलं की पुळण. समुद्र घराच्या पाठीशी. आजच्या रिसॉर्टवाल्याला हा वेडेपणा वाटेल, कारण त्याचा सगळा धंदाच ‘सी व्ह्यू’वर चालतो. पण खारा वारा आणि पावसाळी झड अंगावर घ्यायला आगर आहे तर घर कशाला पुढे करायचं, हा जुना विचार होता. गुहागरला वरचा पाट ते खालचा पाट चालायचं तर पायांची परीक्षा होते. गाव आटोपशीर मुळीच नाही. समुद्र मात्र कुठल्याही घरापासून पाच-दहा मिनिटांवर, आणि तिथे नेते ती पाखाडी.

पाखाडी जवळून बघण्यासारखी असते. दोन माणसं अंग न चोरता एकमेकांना ओलांडतील एवढी रुंदी. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, फार तर छातीइतके. पायाखाली जांभ्याचेच चिरे, उतार असेल तिथे पायऱ्या. पावसाळ्यात कडेच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून जाणारे-येणारे मधल्या झिजलेल्या पट्ट्यावरून चालतात. गडगा बुटका ठेवण्यात शहाणपण आहे. माडाचा आणि पोफळीचा बुंधा उघडा असतो, पानं असतात ती शेंड्याला. त्यामुळे दिवस वर आला की सुटणारा खारा वारा बुंध्यांमधून माणसाच्या उंचीवरून वाहतो आणि झावळ्या वरचं ऊन अडवतात. वारा आणि सावली दोन्ही मिळतात. पूर्व आफ्रिकेतल्या लामू बेटावर, जिथे अजून बरीच वाहतूक गाढवांवर चालते, प्रवाळी दगडाच्या उंच भिंतींच्या बोळांतून सावली मिळते. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर तसे कोंदट बोळ बारा महिने ओलेच राहिले असते.

किनाऱ्यावर पायी चालायचं गाव नव्याने उभारण्याचे प्रयोग परदेशात झाले. फ्लोरिडात रॉबर्ट डेव्हिस यांनी १९८१मध्ये ऐंशी एकरांवर सीसाइड वसवायला घेतलं. आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनी त्याची बांधकामाची नियमावली एका कागदावर मावेल एवढी ठेवली : घराला पुढची ओसरी हवीच, हिरवळीऐवजी स्थानिक झाडं, घरांच्या मागून वाळूच्या पायवाटा, आणि रस्ते पुळणीकडे नेणारे. कोस्टारिकातल्या लास कातालिनासमध्ये तर मोटारी गावाबाहेरच थांबतात. दोन्हीकडे पैसेवाल्यांची सुट्टीतली घरंच पुष्कळ, हा टोमणा रास्त आहे. तरी एक गोष्ट त्यांना साधली. चालण्याची वाट त्यांनी नियमात लिहून ठेवली. आपल्याकडे ती कुणी लिहिली नाही, गावरहाटीने सांभाळली. आणि गावरहाटी म्हणजे जातवार वाड्याही आल्याच. कोणत्या पाखाडीने कोणी जायचं, हेही तीच ठरवत होती.

पाखाडी गावाची, पण तिच्यावरची सावली आगरवाल्याच्या खाजगी मालकीची, हे या रचनेतलं दुखणं. नारळ-सुपारीला भाव होता तोवर मालक आपल्या फायद्यासाठी आगर शिंपत होता आणि गावाला छप्पर फुकट मिळत होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोलीच्या किनाऱ्यावरच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर पीक धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढं थांबण्यापेक्षा आगराचे तुकडे करून विकणं सोपं. मग गडग्याच्या जागी उंच कंपाउंड येतं, वारा अडतो. आत फरसबंद पार्किंग होतं, सावली जाते. पाखाडी कागदोपत्री जिथल्या तिथे राहते, पण दुपारी तिच्यावरून कुणी चालत नाही. समुद्रावर जायलाही मग मोटरसायकल लागते, आणि मोटरसायकलसाठी पाखाडीवर काँक्रीट पडतं.

यावर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा, उपाय चालत नाही. १९९१ची अधिसूचना असो की २०१९ची, ती भरतीरेषेपासूनचं अंतर मोजते. २०१९मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामबंदीचं हे अंतर २०० मीटरवरून ५० मीटरवर आलं, म्हणजे अशा गावांत नेमका आगराचा पट्टाच मोकळा झाला. माझ्या मते पाखाडीलगतची माडांची एक रांग बिनशेती परवानगीची अट म्हणून राखायला हवी, जसं सामासिक अंतर राखतात तसंच. उत्पन्न मालकाचंच राहू दे. नारळाला डोळे असतात, तो कुणाच्या डोक्यात पडत नाही, असं कोकणात म्हणतात. त्यावर विसंबून सार्वजनिक वाट आखता येत नाही. माड गडग्याच्या आत चार-पाच हात हवा, म्हणजे झावळ्या वाटेवर आणि नारळ आगरात. आणि नारळांचं पाडप वेळेवर व्हायला हवं. माडावर चढणारी माणसं आता कमी उरली आहेत, मजुरी वाढली आहे, त्या खर्चाला कंटाळूनही माड तुटतात. गावाला सावली हवी असेल तर पाखाडीकडेच्या रांगेपुरती ही मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी. पाखाडीवर एकदा काँक्रीट ओतायला जो खर्च येतो, त्यात बरीच वर्षं पाडप निघेल.