कार्बनचा बाजार आणि गाळ्यातला दिवा

हवामान बदल रोखण्याचे काम बाजारावर सोपवावे, असे अनेक अर्थतज्ज्ञ सांगतात. ज्याने धूर कमी केला त्याने दाखला मिळवावा, ज्याला ते जमत नाही त्याने तो विकत घ्यावा, असा हा व्यवहार. एक दाखला म्हणजे एक टन कार्बन वायूची बचत. व्यापारी बंधूंना हे पटेल. पण या मालाचा भाव कोणाच्या हाती, हे आधी पाहावे.

२००९ साली केंद्र सरकारने 'बचत लँप योजना' आणली. जुना पिवळा बल्ब द्या, १५ रुपयांत सीएफएल न्या. बाजारात तो ८० ते १०० रुपयांना मिळे. मधला फरक गुंतवणूकदाराने सोसायचा आणि क्योटो करारानुसार मिळणारे दाखले विकून वसूल करायचा. २००८ साली या दाखल्यांचा भाव टनाला २० युरोच्या वर गेला होता; मुंबईच्या एमसीएक्समध्ये वायदेही सुरू झाले होते. पुढे युरोपात मंदी आली, दाखले उदंड झाले आणि २०१२ अखेर भाव एक युरोच्याही खाली घसरला. योजनेचा आधारच गेला.

२०१५ च्या 'उजाला' योजनेने दाखल्यांवर भिस्त ठेवली नाही. सरकारी कंपनीने कोट्यवधी एलईडी एकगठ्ठा मागवले. ३१० रुपयांचा खरेदी भाव दोन-तीन वर्षांत ४० च्या आत आला. घाऊक मागणीची ताकद लोहार चाळीच्या व्यापाऱ्याला सांगायला नको.

आता आपला हिशेब. लालबागच्या एखाद्या गाळ्यात ६० वॅटचे दहा बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी लावले, दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस जळले, तर सुमारे १,५३० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर १२,००० रुपयांवर बचत. कार्बन वाचतो जेमतेम एक टन, म्हणजे एकच दाखला! तोही तपासणीच्या खर्चाशिवाय मिळत नाही.

शिवाय बाजार सर्वच कामे करीत नाही. हिंदमाताला पाणी तुंबले की कापड भिजते. त्यावर दादर आणि परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या त्या महापालिकेने, सार्वजनिक पैशातून.

२०२३ साली देशात कार्बन व्यापाराची नवी योजना जाहीर झाली. तिची बंधने सिमेंट, अॅल्युमिनियमसारख्या मोठ्या कारखान्यांवर आहेत. उद्या कोणी दाखल्यांच्या कमाईचे गाजर दाखवीत आला, तर भाव पडल्यास तोटा कोणाचा, हे लेखी विचारावे. विजेच्या बिलातली बचत मात्र आपलीच.