सूर्याचा दिनविशेष

वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या दिनविशेषात 10 नोव्हेंबरखाली दोन नोंदी सहसा आढळतात : 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेला अफझलखानाचा वध, आणि युनेस्कोने 2001 साली घोषित केलेला जागतिक विज्ञान दिन. कोल्हापूरकरांना मात्र ही तारीख निराळ्याच कारणाने मुखोद्गत असते. 9, 10 व 11 नोव्हेंबर आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी या दिवशी अस्तमान सूर्याचे किरण देवळाच्या महाद्वारातून शिरून, गरुडमंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे ओलांडीत गाभाऱ्यातील अंबाबाईच्या मूर्तीकडे झेपावतात, आणि हाच किरणोत्सव होय.

नवरात्र काय किंवा जोतिबाची चैत्री यात्रा काय, आपले सण तिथीने येतात आणि म्हणून दरसाल तारखेने मागेपुढे सरकतात. किरणोत्सव मात्र तारीख सोडीत नाही, कारण तो चंद्रकलांशी नव्हे, सूर्याच्या क्रांतीशी, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनात्मक अंतराशी, बांधलेला आहे. या दिवसांत ही क्रांती दक्षिणेस सुमारे 17 अंश असते, आणि 16.7 उत्तर अक्षांशावरील कोल्हापुरातून पाहता सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेस मावळतो. डिसेंबरातील अयनदिनाच्या अलीकडे सहा आठवडे आणि पलीकडे सहा आठवडे तो याच जागी येत असल्याने हा योग वर्षातून दोनदा जुळतो; आणि रोजचे सूर्याचे सरकणे अर्ध्या अंशाच्या त्याच्या बिंबाहूनही कमी असल्याने तो एका दिवसात संपत नाही.

येथे प्रतापगडाच्या तारखेची रुजुवात घालणे उद्बोधक ठरेल. शके 1581, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार या दिवसाला दिलेली 10 नोव्हेंबर ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुलियन गणनेतील आहे (ती गणना त्यांनी 1752 साली सोडली). आजच्या गणनेने तो दिवस 20 नोव्हेंबर ठरतो. त्या सायंकाळी सूर्य किरणोत्सवाच्या रेषेहून सुमारे अडीच अंश, म्हणजे बिंबाच्या पाचपट, दक्षिणेस ढळलेला होता. कागदावर एकत्र आलेले दोन दिवस आकाशात एक नव्हते.

परंपरा सांगते की दोन्ही ऋतूंत पहिल्या दिवशी किरण चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. गणित मात्र म्हणते की नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे चाललेला आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे परतत असल्याने 9 नोव्हेंबरची तिरीप 2 फेब्रुवारीच्या तिरिपीची जुळी बहीण असली पाहिजे. मग दोन्ही ऋतूंत क्रम एकच कसा? माझ्या मते उत्तराचा एक धागा प्रत्येक सायंकाळीच सापडतो : सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसा दाराच्या चौकटीखालून आलेला प्रकाश आत खोल जातो आणि मूर्तीवर पायांकडून वर चढू लागतो. तो कोठवर चढेल, हे क्षितिजावरील ढग, हवेतील धूळ व बाष्प, आणि वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती ठरवितात. यांतील इमारतींचा अडथळा तेवढा मनुष्यनिर्मित आहे आणि म्हणूनच निवारण्याजोगा आहे.

शहरातील विज्ञानाच्या अध्यापकांनी या किरणांची तीव्रता यंत्राने मोजलेली आहे. आता विद्यार्थ्यांनी दोन्ही ऋतूंत, दरसाल, कोणता किरण किती वाजून किती मिनिटांनी कोणत्या उंबऱ्यावर पोहोचला याचे तारीखवार दप्तर ठेवावे, आणि येत्या 9 नोव्हेंबरलाच त्यास आरंभ करावा.