वर्दी विकत मिळत नाही

पहाटे पाचच्या सुमारास निगडी, भोसरी, देहूरोड किंवा चाकणच्या रस्त्यांवर तरुणांचे घोळके धावताना दिसतात. कोणी आयटीआय झालेला, कोणी बारावीनंतर कंपनीत कंत्राटी कामाला लागलेला, कोणी रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आलेला. ध्येय एकच – सैन्यभरती, नाहीतर पोलीसभरती. त्यात आपल्या वस्त्यांतील मुलेही आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु यांपैकी अनेकांच्या अंगावर भरतीआधीच 'इंडियन आर्मी' छापलेला टी-शर्ट, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची पँट आणि डोक्यावर तशीच टोपी असते. घरची मंडळी कौतुकाने 'आमचा फौजी' म्हणतात. माजी सैनिकांना मात्र ते खटकते. भरती होण्याआधी असे कपडे घालावेत काय, याचा विचार प्रत्येक घराने केला पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. पूर्वी भारतीय दंड विधानात कलम १४० होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ लागू झाले. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने कोणी सैनिकी पोशाख किंवा चिन्ह वापरले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. छापील टी-शर्ट घालून धावणारा मुलगा केवळ तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही. पण खांद्यावर फीत, छातीवर बिल्ला, नावाची पट्टी लावून तोच मुलगा 'मी आर्मीत आहे' असे सांगू लागला, की प्रकरण गंभीर होते.

या बाबतीत सैन्य कडक झाले, त्यालाही कारण आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी सैनिकी वेषात आले होते. त्यानंतर नागरिकांनी लढाऊ गणवेशासारखे कपडे घालू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत, असे आवाहन सैन्याने केले. १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आला आणि पुढे सैन्याने त्याचे डिझाइन स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. मे २०२५ मध्ये पुण्यात खराडी येथे हवाई दलाचा जवान असल्याची बतावणी करणारा तरुण पकडला गेला. आपला भाग तर देहूरोड, दापोडी, दिघी, खडकी अशा लष्करी ठाण्यांनी वेढलेला. येथे संशय यायला वेळ लागत नाही. आणि भरतीच्या वेळी चारित्र्याचा दाखला लागतो, हे विसरू नये. ज्या वर्दीसाठी पोरगा घाम गाळतो, तिच्याच नकलेपायी पोलिसांत नोंद झाली, तर त्या घरावर काय प्रसंग येईल?

तथापि आपल्या समाजासाठी हा प्रश्न कायद्यापुरता नाही. ही वर्दी आपल्याला कोणी सहज दिलेली नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव-भीमा येथे लढलेल्या महार सैनिकांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. चाकणहून हा स्तंभ फार दूर नाही. एवढे होऊनही १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. सुभेदार रामजी सकपाळांच्या पुत्राला वर्दीचे मोल कोणी शिकवायची गरज नव्हती. जो बिल्ला मिळविण्यासाठी दोन पिढ्या अर्ज-विनंत्या करीत झिजल्या, तो शंभर-दोनशे रुपयांत फूटपाथवरून आणून छातीवर लावायचा काय?

आपल्या धम्मात याचे उत्तर आहे. श्रामणेर शिबिरात आपली मुले काही दिवस चीवर धारण करतात. पण ते दुकानातून आणून कोणी स्वतःच अंगावर चढवीत नाही. भिक्खूंकडून विधिपूर्वक ते मिळते, त्याबरोबर शील पाळावे लागते आणि शिबिर संपले की ते विधिपूर्वकच उतरवावे लागते. वस्त्राची योग्यता आचरणाने येते, ही तथागतांची शिकवण वर्दीलाही लागू पडते.

आणखी एक बाजू आयांनी ध्यानात घ्यावी. गल्लीने एकदा 'फौजी' म्हटले, की वैद्यकीय तपासणीत किंवा लेखी परीक्षेत राहिलेल्या मुलाला तोंड दाखविणे जड जाते. भरतीत पडणारे पुष्कळ असतात, त्यात लाज कसली? लाज निर्माण करते ती आधीच अंगावर चढवलेली वर्दी.

तेव्हा पालकांनी मुलांना रागे भरू नये, समजावून सांगावे. धावायला साधा टी-शर्ट आणि हाफ पँट पुरे. ॲकॅडमीने फीसोबत ठिपक्यांचे कपडे घेण्याचा आग्रह धरला, तर स्पष्ट नकार द्यावा. ते पैसे चांगल्या बुटांवर आणि पुस्तकांवर खर्च करावेत, कारण २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी संगणकावरची लेखी परीक्षा होते आणि मगच मैदान. गणवेशाची आणि शिस्तीची आवडच असेल, तर समता सैनिक दलाच्या शाखेत जावे. तो गणवेश आपल्या हक्काचा आहे. वस्तीतील माजी सैनिकांना विहारात बोलावून त्यांच्याकडून मार्गदर्शन घ्यावे.

निवड झाली की सरकार स्वतः वर्दी देईल. त्या दिवशी साऱ्या वस्तीने त्या मुलाचा फोटो काढावा. जयभीम!