वेगळ्या दाराची वाट

वाचकहो, आपल्या घरांत पायी चालणे असते ते कामावर जाण्यासाठी. पण युरोपात आठवडाभराची सुट्टी काढून पाठीवर पिशवी घेऊन चालणारे हजारो लोक आहेत. अशाच एका वाटेने आज आम्ही तुम्हाला नेत आहोत.

फ्रान्समधील बायोन गावाहून ही वाट निघते, पिरेनीजच्या डोंगररांगा ओलांडते आणि स्पेनमधील पाम्प्लोना या जुन्या शहरात पोचते. तेथील कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, १३९४ ते १५०१ या काळात बांधले गेले. अंतर सुमारे ११० किलोमीटर, पाचएक दिवसांची चाल. सांतियागोला जाणाऱ्या प्रसिद्ध यात्रामार्गाचीच ही शाखा. जागोजागी पिवळे बाण रंगवलेले असतात. मुक्कामी यात्रेकरूच्या पुस्तिकेवर शिक्का मिळतो आणि धर्मशाळेत स्वस्तात खाट. शेजारच्या खाटेवर गवंडी आहे की प्राध्यापक, कोणी विचारत नाही.

मात्र ही वाट नेहमीच अशी नव्हती.

सीमा ओलांडली की बास्तान खोरे लागते. हिरवी कुरणे, मेंढ्या, दगडी घरे. तेथे अरिस्कुन गावाजवळ बोसाते ही वस्ती आहे. येथे आगोत लोकांना शतकानुशतके वेगळे ठेवले गेले. धर्म तोच, भाषा तीच, रंगरूपही तेच. तरी त्यांच्याशी सोयरीक नाही. शेतीची मनाई असल्याने बहुतेकांच्या हाती सुतारकी आणि गवंडीकाम. या डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या अनेक चर्चमध्ये त्यांना दार वेगळे, बसायची जागा मागे आणि पवित्र पाण्याचे भांडेही वेगळे. याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आगोत गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पोपकडे दाद मागितली. १५१५ साली दहाव्या लिओ पोपने त्यांना इतरांसारखेच वागवावे असा हुकूम काढला. पण गावाने तो मानला नाही. कायद्याने भेद मिटायला एकोणिसावे शतक उजाडले आणि मनातला भेद त्यानंतरही रेंगाळला.

बोसातेतच जन्मलेले शिल्पकार शाबिएर सांचोतेना यांनी तेथे आपल्या शिल्पांचे उद्यान केले आणि एका जुन्या घरात आगोतांचे संग्रहालय उभारले. जी ओळख लपवावी लागत होती, ती त्यांनी उघड्यावर मांडली.

पाम्प्लोनाचे कॅथेड्रल भव्य आहेच. पण मुलाबाळांना घेऊन कोणतीही जुनी वास्तू पाहायला जाल, तेव्हा शिखराकडे पाहून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : ही कोणाच्या हातांनी बांधली, आणि त्यांना आत यायला दार कोणते होते?