भुयारातले बोलणे : भूमिका-खेळांतील संवादाचा आढावा

टेबलाभोवती चार-सहा जणांनी बसून फासे, कागद आणि पेन्सिल यांच्या आधारे खेळायच्या कल्पनारम्य साहस-खेळांविषयी असा समज रूढ आहे, की त्यांत भुयारात उतरावे, भेटेल त्या राक्षसाला मारावे आणि खजिना घेऊन वर यावे. संवादाची हौस असलीच, तर ती अभिनयाचे अंग असलेल्या खेळाडूंनी भागवून घ्यावी. या खेळप्रकाराचा पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. ज्या नियमांत बोलण्याने जीव वाचतो आणि लाभ होतो, त्या नियमांखाली अबोल खेळाडूही बोलू लागतात, आणि ज्या नियमांत शत्रू मारल्याशिवाय पदरी काही पडत नाही, तिथे बोलके खेळाडूही तलवारीलाच हात घालतात.

या खेळांचा उगम अमेरिकेतील युद्धखेळांत, म्हणजे लहान सैनिक-बाहुल्या मांडून लढाया खेळण्याच्या छंदात, आहे. 1969 मध्ये मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनकालीन प्रशियातील ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावाचा डाव मांडला आणि खेळाडूंना पलटणींऐवजी नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशा व्यक्तींच्या भूमिका दिल्या. खेळाडू घरभर पांगून एकमेकांशी कुजबुजत सौदे आणि कारस्थाने करू लागले, तेव्हा डाव फसला असे वेसली यांना वाटले. खेळाडूंनी मात्र तसाच डाव पुन्हा मागितला. त्यांच्यातील डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ हे स्वतःचे काल्पनिक जग उभे केले आणि 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्यासह ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ सिद्ध केला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र चालवायचे आणि एकाने भुयाराचा नकाशा, तिथले रहिवासी व उर्वरित सारे जग सांभाळायचे, अशी त्याची रचना आहे. या शेवटच्या माणसाला मराठीत सूत्रधार म्हणणे सयुक्तिक ठरेल.

टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या या खेळाच्या 1981 च्या प्राथमिक संचात संवादाला पोषक अशी यंत्रणा स्पष्ट दिसते. भुयारातील प्राणी समोर आला, की त्याचा कल ठरवण्यासाठी सूत्रधार सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. बेरीज 2 आली तर प्राणी तत्काळ हल्ला करतो, 3 ते 5 असेल तर तो वैरभावाने वागतो, 6 ते 8 ला संभ्रमात राहतो, 9 ते 11 ला हल्ला न करता निघून जातो किंवा देऊ केलेल्या प्रस्तावाचा विचार करतो आणि 12 ला उत्साहाने मैत्री करतो. दोन फाशांच्या 36 संभाव्य जोड्यांपैकी एकाच जोडीत तत्काळ हल्ला होतो आणि 16 जोड्यांत संभ्रम राहतो. म्हणजे बहुतेक भेटींत बोलण्यासाठी एक फट नियमांनीच उघडी ठेवलेली असते. पात्राचा ‘करिष्मा’, म्हणजे इतरांवर छाप पाडण्याची शक्ती दर्शवणारा अंक, या बेरजेत कमी-अधिक करतो. दुसरीकडे, पात्राची पायरी वाढवणारे अनुभव-गुण मुख्यतः खजिन्यातून मिळतात: भुयाराबाहेर सुखरूप आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक गुण, तर गॉब्लिन नावाच्या एका प्राण्याला हरवल्याबद्दल अवघे पाच. नवख्या पात्राचा जीव एखाद्या घावातच जाण्याजोगा असल्याने लाच, तह, धमकी आणि थाप ही शहाणपणाची साधने ठरतात.

त्या संचासोबत मिळणारे गायगॅक्स यांचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (सीमेवरचा किल्ला) हे साहस याचा चांगला नमुना आहे. त्यातील एकाच दरीच्या गुहांत कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क अशा अनेक टोळ्या शेजारी राहतात आणि त्यांचे आपसांतील वैर व युती यांचा खेळाडूंना फायदा घेता येतो. गॉब्लिन संकटात सापडले, की शेजारच्या गुहेतील ओगर नावाच्या धिप्पाड प्राण्याला नाण्यांची थैली देऊन मदतीस बोलावतात. किल्ल्यात कानी पडणाऱ्या अफवांपैकी एक सांगते, की गॉब्लिनांच्या भाषेत ‘ब्री-यार्क’ म्हणजे ‘आम्ही शरण आलो’. प्रत्यक्षात ती त्यांची धोक्याची आरोळी असते. ऐकीव शब्दाची शहानिशा न करणाऱ्या तुकडीला हा विनोद चांगलाच महागात पडतो.

पुढच्या आवृत्त्यांनी हा तोल बदलला. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत खजिन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि राक्षसांना हरवण्याचे महत्त्व वाढले. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत शिष्टाई हे स्वतंत्र कौशल्य आले, ज्यात वीस बाजूंचा एक फासा टाकून समोरच्याचा वैरापासून साहाय्यापर्यंतचा पाच पायऱ्यांचा कल बदलता येई. त्यामुळे अबोल खेळाडूचे वाक्पटू पात्र शक्य झाले खरे, पण काय बोलले हे न सांगताच फासा उचलण्याची वाटही मोकळी झाली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने संवादाला शोध आणि लढाई यांच्या बरोबरीचे स्थान दिले आणि स्वभाव, आदर्श, बंध व दोष यांना धरून वागणाऱ्या पात्राला ‘प्रेरणा’ नावाची सवलत देऊ केली. सूत्रधाराने आधी संभाषण होऊ द्यावे, त्यात समोरच्याच्या बंधाला वा दोषाला स्पर्श झाला तर त्याचा कल बदलावा आणि मग फासा टाकावा, असा तिचा क्रम आहे.

सूत्रधारासाठी यातून निघणारे धडे साधे आहेत. भुयारातील प्रत्येक टोळीला एक गरज आणि एक भीती द्यावी, कारण ज्याला काहीच नको त्याच्याशी सौदा होत नाही. पहारेकऱ्याला खेळाडूंच्या उपयोगाची एखादी माहिती द्यावी. शरण आलेला शत्रू दिलेला शब्द सहसा पाळतो, असा अनुभव येऊ द्यावा, कारण प्रत्येक कैदी दगा देऊ लागला तर तुकडी कैदी घेणेच सोडून देते. आणि तहाने टळलेल्या लढाईचे गुण जिंकलेल्या लढाईइतकेच द्यावेत. खेळाडूने आवाज बदलून पात्राची वाक्ये उच्चारली काय किंवा ‘माझे पात्र त्याला अर्धा वाटा देऊ करते’ एवढेच सांगितले काय, दोन्ही संवादच होत, आणि सूत्रधाराने अभिनयाऐवजी प्रस्तावाचे वजन पाहावे. ज्या टेबलावर संवाद होत नाही, तिथे खेळाडूंच्या लाजाळूपणाला दोष देण्यापूर्वी तिथे बोलून आजवर कोणाला काय मिळाले, हे तपासावे.