ध्वनितबकडी आणि संगणकातील तिचा चालक

१

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत भाषाविज्ञानाच्या अनेक अभ्यासकांनी आपली क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे चुंबकीय फितीवरून काँपॅक्ट डिस्कवर उतरवून घेतली. बोलीभाषकांच्या मुलाखती, ओव्या, कहाण्या, शब्दसूचींचे उच्चार असे पुष्कळ साहित्य त्या तबकड्यांवर आहे, आणि त्यांतील कित्येक वक्ते आज हयात नाहीत. घरी नोंदता येणाऱ्या तबकडीतील सेंद्रिय रंगद्रव्य काळाबरोबर क्षीण होत जाते. शिवाय तबकडी वाचणारा ड्राइव्ह नव्या संगणकांत क्वचितच आढळतो. तेव्हा ही ध्वनिमुद्रणे लवकरात लवकर दुसरीकडे हलविली पाहिजेत, याविषयी दुमत संभवत नाही.

हे काम वरवर पाहता अगदी सोपे वाटते. तबकडी ड्राइव्हमध्ये ठेवावी, पडद्यावर दिसणाऱ्या फायली निवडाव्यात आणि हार्ड डिस्कवर त्यांची नक्कल करावी. विंडोज प्रणालीत ध्वनितबकडी उघडली असता प्रत्येक गीतखंडामागे 'सी.डी.ए.' या प्रत्ययाची एक फाइल दिसते आणि तिची नक्कलही विनातक्रार होते. परंतु अशा प्रत्येक फाइलीचा आकार अवघा ४४ बाइट असतो. खंडाचा क्रमांक, त्याचा आरंभ आणि त्याची लांबी एवढीच नोंद तिच्यात असते. आवाजाचा एक कणही नसतो. अनुक्रमणिकेचे पान उतरवून घेऊन ग्रंथ उतरविल्याचे समाधान मानावे, तसाच हा प्रकार होय. मूळ तबकडी टाकून दिल्यावर ही गोष्ट ध्यानात आली, तर तिच्यावर उपाय नाही.

असे का घडते, हे समजण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये उभा असलेला जो मध्यस्थ, म्हणजे चालक अथवा ड्रायव्हर, त्याचे कार्य नीट पाहणे आवश्यक आहे. लिनक्स प्रणालीतील चालकाचा मूळ मजकूर सर्वांना वाचावयास खुला असल्यामुळे पुढील विवेचनात त्याचाच आधार घेतला आहे.

२

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'चालक' या नावावरून असे वाटते की, तबकडी फिरविणे, लेसरचे भिंग मागेपुढे सरकविणे ही कामे तो करीत असावा. वस्तुस्थिती तशी नाही. काँपॅक्ट डिस्कवरील खाचांची सर्पिल रेषा सुमारे १.६ मायक्रोमीटर अंतराने वळणे घेत जाते. फिरता फिरता किंचित डोलणाऱ्या तबकडीवर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचा बिंदू त्या रेषेवर स्थिर ठेवणे हे काम इतके सूक्ष्म व सतत चालणारे आहे की, ते ड्राइव्हच्या आतील स्वतंत्र मंडलाकडेच सोपविलेले असते. संगणकातील चालक या यंत्रणेला प्रत्यक्ष स्पर्श करीत नाही. तो फक्त बोलतो: आज्ञा देतो, उत्तर ऐकतो आणि उत्तराचा अर्थ लावतो. चालकाचे शास्त्र हे यंत्रशास्त्रापेक्षा संवादाचे शास्त्र आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हा संवाद ठराविक लांबीच्या आज्ञासंचांतून होतो. 'वाच' या नेहमीच्या आज्ञेचा संच १० बाइटांचा असतो. पहिल्या बाइटात क्रियेचा क्रमांक येतो; दशमान पद्धतीने तो ४०. तिसऱ्यापासून सहाव्या बाइटापर्यंत कोठून वाचावयाचे तो पत्ता, आणि आठव्या व नवव्या बाइटांत किती खंड वाचावयाचे ती संख्या. येथे प्रत्यय नाहीत, विभक्ती नाहीत. पदाचा अर्थ सर्वस्वी त्याच्या स्थानावरून ठरतो. अन्य आज्ञाही याच धाटणीच्या आहेत. १८ क्रमांकाने 'तू कोण आहेस' असे विचारले जाते, शून्य क्रमांकाने 'सिद्ध आहेस काय' असे. ६७ क्रमांकाने तबकडीची अनुक्रमणिका मागविली जाते, ३० ने दार अडविले अथवा मोकळे केले जाते आणि २७ ने तबकडी फिरू लागते, थांबते किंवा बाहेर येते.

उत्तराची रचना याहूनही लक्षणीय आहे. आज्ञा पार न पडल्यास ड्राइव्ह केवळ 'नाही' म्हणत नाही. तो कारण तीन पायऱ्यांनी सांगतो. पहिली संख्या स्थूल वर्ग सांगते: २ म्हणजे सिद्ध नाही, ३ म्हणजे माध्यमातच दोष आहे, ५ म्हणजे आज्ञाच अनुचित आहे, ६ म्हणजे मध्यंतरी काही पालट झाला आहे. दुसरी व तिसरी संख्या त्या वर्गाला विशेषित करतात. 'सिद्ध नाही' यापुढे ५८ ही संख्या आली, तर तबकडीच आत नाही; ४ व १ या संख्या आल्या, तर तबकडी आहे, पण ती अद्याप सिद्ध होत आहे. पहिल्या प्रसंगी चालकाने विनंती नाकारावयाची असते, दुसऱ्या प्रसंगी थोडे थांबावयाचे असते. या दोहोंतील भेद ज्याला उमगत नाही, तो चालक निरुपयोगी होय.

३

ही भाषा आरंभापासून सर्व ड्राइव्हांना समान नव्हती. १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात सोनी, मित्सुमी, मात्सुशिता, फिलिप्स आदी उत्पादकांच्या ड्राइव्हांना आपापल्या स्वतंत्र जोडण्या होत्या, आणि प्रत्येकाची आज्ञांची परिभाषाही निराळी होती. परिणामी लिनक्समध्ये प्रत्येकासाठी वेगळा चालक लिहावा लागे. आणि हे चालक निरनिराळ्या व्यक्तींनी लिहिलेले असल्याने एकाच विनंतीला ते भिन्न भिन्न प्रतिसाद देत. ट्रे उघडा असताना तबकडी वाचू पाहिली, तर एक चालक ट्रे आपण होऊन आत घेई, दुसरा केवळ दोष कळवी.

या अव्यवस्थेवर डेव्हिड व्हान लीवेन यांनी एक उपाय योजला. त्यांनी उपयोजन आणि प्रत्यक्ष चालक यांच्यामध्ये एक समान स्तर घातला आणि त्याचे नियम लेखी मांडले. पुढे एरिक अँडरसन व येन्स आक्सबो यांनी ते काम चालविले. या योजनेचे तत्त्व असे की, वर्तन कसे असावे हे समान स्तराने ठरवावयाचे, आणि खालच्या चालकाने फक्त काही ठराविक कामे करून दाखवावयाची: ड्राइव्हची स्थिती सांगणे, ट्रे हलविणे, दार अडविणे, वेग निवडणे, अखेरच्या नोंदणीसत्राचा आरंभ शोधणे इत्यादी. ज्याला जे येत नाही, ते त्याने आपल्या क्षमतांच्या यादीत तसे नमूद करावयाचे. बोलींचा निरनिराळेपणा कायम ठेवून त्यांवर व्यवहारासाठी एक प्रमाणभाषा उभारावी, तशीच ही व्यवस्था आहे.

कालांतराने बोलीही लोपल्या. स्कझी या जोडणीसाठी घडलेली आज्ञांची भाषा स्वस्त आयडीई तारेवरूनही १२ बाइटांच्या पुडक्यात घालून पाठविण्याची पद्धत रूढ झाली. यूएसबीवरील ड्राइव्हही तीच भाषा बोलतात. त्यामुळे आज लिनक्समध्ये 'एस.आर.' हा एकच चालक प्रायः सर्व प्रकाशीय ड्राइव्हांना पुरतो. जुन्या आयडीई व्यवस्थेचा स्वतंत्र चालक २०२१ साली ५.१४ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. समान स्तर मात्र अद्याप आपल्या जागी आहे.

४

एखादे उपयोजन तबकडी उघडण्याची विनंती करते, तेव्हा काय घडते ते क्रमाने पाहू जाता या स्तराचे महत्त्व ध्यानी येते. प्रथम ड्राइव्हची स्थिती विचारली जाते. ट्रे उघडा असेल आणि तो आपोआप मिटण्याची मुभा असेल, तर तो आत घेतला जातो आणि स्थिती पुन्हा विचारली जाते. तबकडी नसेल, तर विनंती तेथेच नाकारली जाते. असेल, तर अनुक्रमणिकेवरून कोणते खंड माहितीचे व कोणते ध्वनीचे याची मोजणी होते. हे सर्व यथास्थित झाल्यावर दार अडविण्याची आज्ञा जाते. यानंतर ड्राइव्हवरील कळ दाबली तरी ट्रे बाहेर येत नाही. वाचन चालू असताना तबकडी निघू नये, हा त्यामागील हेतू.

दार अडविण्याची सोय नसलेल्या ड्राइव्हात तबकडी मध्येच बदलली गेली, तर पुढच्या आज्ञेस 'पालट झाला आहे' असे उत्तर मिळते. येथे चालकावर मोठी जबाबदारी येते. ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच्या तबकडीचे वाचलेले खंड वेग वाढविण्यासाठी स्मृतीत जपून ठेवलेले असतात. पालटाची वार्ता वर पोचली नाही, तर एका तबकडीची अनुक्रमणिका व दुसरीचा मजकूर अशी सरमिसळ होईल. म्हणून पालट कळताच जपलेले सर्व खंड रद्द केले जातात.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ध्वनितबकडीवर दर सेकंदास प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. दोन वाहिन्या आणि प्रत्येक नमुन्यास दोन बाइट, म्हणजे सेकंदास १,७६,४०० बाइट. सेकंदाचे ७५ खंड केलेले असल्यामुळे प्रत्येक खंडाच्या वाट्याला २,३५२ बाइट येतात.

माहितीच्या तबकडीतही खंड एवढाच असतो. परंतु त्यातील २,०४८ बाइटच मजकुराचे. उरलेल्यांत १२ बाइट खंडाचा आरंभ ओळखण्यासाठी, ४ पत्त्यासाठी, ४ दोष ओळखण्यासाठी आणि २७६ दोष दुरुस्त करण्यासाठी असतात. ८ रिकामे असतात. म्हणजे प्रत्येक खंड स्वतःचा पत्ता व स्वतःची दुरुस्तीची साधने बरोबर घेऊन येतो. ध्वनिखंडात यांपैकी काहीही नसते. सर्वच्या सर्व २,३५२ बाइट आवाजाचे.

या एका भेदातून तीन परिणाम निष्पन्न होतात. पहिला असा की, ४० क्रमांकाची नेहमीची 'वाच' ही आज्ञा ध्वनिखंडाला लागू पडत नाही. ती दिल्यास 'आज्ञा अनुचित' असे उत्तर येते, आणि त्यापुढील विशेषण सांगते की, या प्रकारच्या खंडाला ही पद्धत चालत नाही. ध्वनीसाठी १९० क्रमांकाची निराळी आज्ञा आहे. फायलींची नेहमीची नक्कल पहिल्या आज्ञेवर अवलंबून असते. म्हणून तिच्या हाती ४४ बाइटांच्या अनुक्रमणिकेवाचून काही येत नाही. लिनक्सच्या समान स्तरात ध्वनिखंड मागण्याची स्वतंत्र विनंती आहे आणि एका वेळी जास्तीत जास्त ७५ खंड, म्हणजे एक सेकंदाचा आवाज, तिच्याद्वारे मागता येतो.

दुसरा परिणाम पत्त्यासंबंधी आहे. तबकडीवरील स्थान मिनिट, सेकंद व पंचाहत्तरांश यांत सांगितले जाते. त्याचे क्रमांकात रूपांतर करताना सर्वांचे पंचाहत्तरांश करून आरंभीचे १५० वजा करतात. उदाहरणार्थ, २ मिनिटे ३० सेकंद या स्थानाचा क्रमांक ११,१०० येतो. परंतु ध्वनिखंडाचा पत्ता त्याच्या पोटात नसून शेजारच्या एका क्षीण उपवाहिनीत असतो. त्यामुळे मागितलेल्या जागेपासून काही नमुने पुढे अथवा मागे वाचन सुरू होणे संभवते. तुकड्यातुकड्यांनी वाचताना सांध्यावर एखादा अंश गळतो किंवा दोनदा येतो. 'सीडीपॅरानोइआ' या आज्ञावलीने यावर उपाय काढला तो असा की, प्रत्येक तुकडा मागच्यावर थोडा चढवून वाचावयाचा आणि जुळणारा भाग शोधून सांधा बसवावयाचा.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर होय. माहितीच्या खंडात दुरुस्तीपलीकडचा दोष आढळला, तर चालकाला 'माध्यमात दोष' असे स्पष्ट उत्तर मिळते. ध्वनिखंडात मात्र दोष दुरुस्त झाला नाही, तर ड्राइव्ह शेजारच्या नमुन्यांवरून मधले नमुने अंदाजाने भरून काढतो आणि आज्ञा यशस्वी झाल्याचे कळवितो. गाणे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे. परंतु ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला स्पर्शवर्णाचा स्फोट आणि त्यानंतरचा महाप्राणाचा काळ मोजावयाचा असतो, आणि हे अंतर सेकंदाच्या काही सहस्रांशांचे असते. अशा ठिकाणी भरून काढलेले नमुने वक्त्याच्या मुखातील नसून ड्राइव्हच्या कल्पनेतील असतात, आणि फाइल पाहून हा भेद कळण्यास कोणताही मार्ग राहत नाही.

हा भेद कळण्याची संधी वाचनाच्या वेळीच असते. काही ड्राइव्ह १९० क्रमांकाच्या आज्ञेबरोबर प्रत्येक खंडामागे २९४ बाइट अधिक देतात. त्यांतील एकेक अंश आवाजाच्या एकेका बाइटाचा साक्षीदार असतो: हा बाइट खात्रीचा, हा संशयास्पद. ही साक्ष मागितली तरच मिळते. नेहमीचे ऐकणे वा नक्कल करणे यांत ती कोणी मागत नाही.

६

यावरून संग्रहकर्त्याने काय करावे हे सहज ठरते. ध्वनितबकडीवरील साहित्य फायलींची नक्कल करून नव्हे, तर ध्वनिखंड वाचणाऱ्या आज्ञावलीने उतरवावे. शक्य तर दोन भिन्न ड्राइव्हांवर उतरवून दोन्ही प्रती, आरंभाचा संभाव्य सरक लक्षात घेऊन, ताडून पाहाव्यात. त्या जुळत नसतील, तर निदान एक वाचन चुकले, हे निश्चित. संशयास्पद खंडांचे क्रमांक नोंदवून ती नोंद ध्वनीच्या फाइलीशेजारीच ठेवावी. आणि हे सर्व पार पडेपर्यंत मूळ तबकडी टाकून देऊ नये.

हस्तलिखिताचे संपादन करताना वाचता न आलेली अक्षरे कंसात दाखविण्याचा दंडक संपादक पाळतात. अंदाजाने भरलेली अक्षरे खूण न करता मूळ पाठात मिसळणे हा संपादनशास्त्रात दोष मानला जातो. ड्राइव्ह हा दोष प्रत्यही करीत असतो आणि चालक तो जसाच्या तसा वर पोचवितो. कारण त्याला कोणी वेगळे विचारलेले नसते. विचारण्याचे काम अभ्यासकाचे आहे, आणि तबकडी वाचनक्षम आहे तोवरच ते करता येण्यासारखे आहे.